सायकल मिळाली, शिकवणार कोण?

राजस्थानात सरकारी शाळेत नववीत दाखल होणाऱ्या मुलींना शासनाकडून सायकल मिळते. बिहारने 2006 साली अशीच योजना सुरू केली होती. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक वर्गांतील मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. योजना चांगलीच आहे. मला प्रश्न पडतो तो या मुलींच्या आयांचा.

जयपूरच्या राजापार्कमध्ये राहत असताना तो प्रथम पडला. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी व सिंधी कुटुंबांचा हा भाग. इथल्या गल्ल्या नंबराने ओळखल्या जातात. संध्याकाळी बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते; रविवारी सकाळी सहाला मात्र गल्ल्या मोकळ्या असतात.

आमच्याकडे संध्याकाळच्या स्वयंपाकाला येणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या. तासभर पायी येत, रात्री तासभर पायी परतत. मुलीची सरकारी सायकल त्या वेळी घरी नुसती उभी असे. "तुम्ही का शिकत नाही?" असे विचारले, तर म्हणाल्या, "गिरूँगी तो लोग हँसेंगे, दीदी."

मी पुण्याची, तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालून शिकलेली. लहान मूल पडते, उठते, पुन्हा चढते. मोठ्या माणसाची उंची जास्त, म्हणून भीतीही जास्त. त्यात बघ्यांची भर. आम्ही सीट खाली केली, दुरुस्तीवाल्याकडून पेडल काढून घेतली. दोन्ही पायांनी जमिनीला रेटा देत पुढे जायचे, एवढाच पहिला धडा. तोल ज्या बाजूला जातो त्याच बाजूला हँडल वळवायचे, हे बुद्धीला लगेच कळते, शरीराला पटायला दोन रविवार लागतात. एका वयस्क शेजाऱ्यांनी "इस उमर में?" असे विचारलेच. पाचव्या रविवारी बाई गल्लीच्या टोकापर्यंत एकट्या गेल्या. पुढे वाचलेल्या वेळात त्यांनी आणखी एका घरचे काम धरले.

प्रशासनाने हे कधी केलेच नाही असे नाही. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेला सायकल जोडली. स्त्री कार्यकर्त्यांना गावोगाव जाता यावे म्हणून शिकवण्याची शिबिरे भरली, सायकलीसाठी कर्जे दिली गेली. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या; पुढच्या दांडीवर मूल बसवता येते, हा त्यांना फायदाच वाटला. 8 मार्च 1992 रोजी दीड हजारांहून अधिक स्त्रिया सायकलवरून शहरात उतरल्या. हजारजणी एकदम शिकत असल्या म्हणजे एकीला हसायला कोणाला सवड राहत नाही.

आपल्या वाटपाच्या तक्त्यात मंजूर, प्राप्त, वाटप, शिल्लक असे रकाने असतात. राजस्थानात 2017 साली सायकलींचा रंग काळ्याचा भगवा झाला, पुढच्या सरकारने तो पुन्हा काळा केला. त्यावर वादही झाले. परंतु घरात किती जणींना ती चालवता येते, हा रकाना मी कुठे पाहिला नाही.

तो भरणे फारसे खर्चाचे नाही. सायकली जिथे वाटल्या जातात त्या शाळेचे मैदान, चार-पाच रविवारची सकाळ, आणि सायकल येणारी एखादी शिक्षिका एवढे पुरेल. वस्तू वाटणे शासनाला जमते. ती वापरण्याचे धैर्यही लोकांना मिळेल अशी व्यवस्था करणे हेही प्रशासनाचेच काम आहे.