जागा कोणीं अडविली?

आमच्या अभ्यासिकेंत, नव्या संगणकाच्या शेजारीं, एमएस-डॉसचें सहावें रूप चालविणारें एक जुनें यंत्र आम्हीं अद्याप जपून ठेविलें आहे. विद्यार्थी त्याला हंसतात. हंसोत बापडे! तीर्थरूपांनीं उतारवयांत जमविलेल्या म्हणींचा संग्रह त्यांतच आहे, आणि ज्या देवनागरी प्रोग्रॅमांत तो लिहिला तो आमच्या नव्या यंत्रावर उघडत नाहीं. गेल्या महिन्यांत हा संग्रह छापून काढावा म्हणून आम्ही बसलों, तों यंत्रानें सांगितलें कीं स्मृति अपुरी आहे.

यंत्राची स्मृति ४ मेगाबाइट, आणि प्रोग्रॅमाची मागणी अवघी ५६० किलोबाइटांची! या विसंगतीचें मूळ जुनें आहे. १९८१ सालीं निघालेल्या आयबीएम पीसीच्या ८०८८ या प्रोसेसरला १ मेगाबाइटापलीकडील पत्ते मोजतां येत नसत. त्यांतील वरचे ३८४ किलोबाइट पडदा वगैरे कामांसाठीं राखले गेले, राहिले ६४०. पुढें स्मृति कितीहि वाढली तरी डॉसचे साधे प्रोग्रॅम या ६४० मध्येंच नांदत राहिले. वाडा चौसोपी, पण बिऱ्हाडें सगळीं ओसरीवर!

ओसरी कोणीं अडविली हें सांगणारी 'मेम' नांवाची आज्ञा १९८८ मधील चौथ्या रूपांत आली. सहाव्या रूपांत तिच्यापुढें तिरकी रेघ व 'सी' हें अक्षर लिहिलें कीं प्रत्येक बिऱ्हाडकरूचें नांव व त्यानें व्यापिलेली जागा यांची यादी पडद्यावर येते. ही माहिती तिला मिळते कशी, तें आम्हांस मोठें मौजेचें वाटतें. स्मृतीचा तुकडा कोणास देतांना डॉस त्याच्या आधीं १६ बाइटांची चिठ्ठी ठेवितें: मालक कोण, लांबी किती. एका चिठ्ठीवरून पुढची सांपडते. मधल्या चिठ्ठ्यांवर 'एम' हें अक्षर असतें, शेवटचीवर 'झेड'. आमच्या जुन्या कुळकर्ण्यांचीं दप्तरें इतकीं नीट असतीं तर!

यादींत मोकळी जागा ५४१ किलोबाइट दिसली. भाच्यानें मध्यंतरीं सीडी वाचण्याची सोय करून दिली होती; तिच्या दोन प्रोग्रॅमांनीं मिळून ४४ किलोबाइट घेतले होते. त्यांच्या खालीं ९ किलोबाइटांचें एक नांव होतें: पडद्याच्या कोपऱ्यांत वेळ दाखविणारें घड्याळ. तें तीर्थरूपांनीं स्वतः बसविलेलें. काम नसतांनाहि स्मृतींत ठाण मांडून राहणाऱ्या जातीचा हा प्रोग्रॅम. शहाणा मनुष्य तो प्रथम काढील. आमचा हात मात्र धजेना.

सुदैवानें १९९१ च्या पांचव्या रूपापासून 'लोडहाय' ही आज्ञा उपलब्ध आहे. राखीव ३८४ मध्येंहि कांहीं कोनाडे रिकामे असतात, आणि ईएमएम३८६ हा चालक ते वापरावयास देतो. घड्याळ आम्हीं तेथें हलविलें. सीडीच्या ओळींपुढें 'रेम' लिहून त्या तूर्त निजविल्या, आणि यंत्र पुन्हा सुरू केलें. मोकळी जागा आतां ५९४ झाली.

छपाई परवां सुरू झाली. म्हणी हजारांवर आहेत. 'क'च्या मध्यावर कागद संपला असून तो आणावयास आम्हांस बाजारांत जावयाचें आहे. कोपऱ्यांतील घड्याळ सात मिनिटें पुढें आहे. तीर्थरूप तें मुद्दाम तसें ठेवीत असत, म्हणून आम्हींहि तें तसेंच राहूं दिलें आहे.