ट्रॉम्सोला जायचे कधी?

"मामा, मामी, एकदा येऊन जा. जूनमध्ये या नाहीतर फेब्रुवारीत या, पण या!" ऑक्टोबरात भाचीचा असा फोन आला आणि आमच्या दोघांच्याच घरात दोन पक्ष पडले.

भाची नॉर्वे देशातील ट्रॉम्सो या शहरी विद्यापीठात संशोधन करते. तिकडे पीएच.डी. करणाऱ्याला नोकरदारासारखा पगार मिळतो, म्हणूनच आमच्या घरची मुलगी तिथवर पोहोचू शकली. गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही सुमारे ३५० किलोमीटर वर. तिच्या आईचे, म्हणजे आमच्या अक्काचे, गुडघे गेलेले. ती म्हणाली, "माझ्याच्यानं एवढा प्रवास व्हायचा नाही. तुम्ही जा, पोरीला डोळ्यांनी बघून या."

आम्ही हिशेबाची माणसे. कागदावर मधोमध रेघ मारली आणि दोन्ही ऋतूंचा जमाखर्च मांडला.

उन्हाळ्याच्या बाजूला जमा भरपूर. साधारण २० मे ते २२ जुलै या काळात तिथे सूर्य मावळतच नाही. मध्यरात्रीही ऊन. डोंगर चढता येतात, समुद्रकाठाने दूरवर हिंडता येते. जुलैतही सरासरी बारा अंशांच्या आसपास हवा, म्हणजे आपल्या एका स्वेटरचे काम. खर्चाच्या बाजूला एवढेच, की खिडकीला काळा पडदा लावल्याशिवाय झोप येत नाही, आणि आकाशातले ते हिरवे प्रकाशझोत, ज्यांना ध्रुवीय प्रकाश म्हणतात, ते अशा उजेडात दिसत नाहीत.

हिवाळ्याच्या बाजूला खर्चच खर्च. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड, मग पुन्हा अंधार. समोरच्या डोंगरांमुळे गावाला सूर्य दिसायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी तिथली माणसे गोड पाव खाऊन सूर्याचे स्वागत करतात. थंडी मात्र ऐकीव भीतीएवढी नसते. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यावरचे सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंशच राहते, बंदर गोठत नाही. पण रस्त्यावर बर्फाची काच होते, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून चालावे लागते. आणि ध्रुवीय प्रकाश ढग असले की दिसतच नाही. पैसे भरले म्हणून आभाळ मोकळे होत नाही.

शिवाय आमच्या कचेरीत फेब्रुवारी म्हणजे मार्चअखेरीचा उंबरठा. रजा मागितली की साहेबांच्या कपाळाला आठी. वस्तीत १४ एप्रिलच्या वर्गणीची पावतीपुस्तके त्याच सुमारास निघतात. हिशेब स्पष्ट होता : जून!

मग डिसेंबर आला. भाचीचे फोन आखूड होऊ लागले. "जेवलीस का?" "हो." "झोप लागते का?" "दिवसा लागते, रात्री नाही." तिकडची माणसे कॉड माशाच्या तेलाचा चमचा रोज घेतात, दिव्यांनी खिडक्या उजळतात, अंधाराशी त्यांची लहानपणापासूनची ओळख. आमची पोर उन्हात वाढलेली. एका रविवारी ती म्हणाली, "उन्हाळ्यात काय, सगळेच येतात, मामी." एवढेच बोलली. आम्ही तो कागद फाडला आणि फेब्रुवारीची तिकिटे काढली.

"एवढ्या पैशांत विहाराची फरशी झाली असती," असे एक धम्मबंधू तोंडावर म्हणाले. राग आला नाही. प्रश्न रास्तच होता. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात सांगितलेला उत्पन्नाचा विसावा भाग आम्ही आधी बाजूला काढतो, तिकिटाचे पैसे भिशीतून उभे केले. पण शिकायला धाडलेल्या मुलीची खबर घेणे हेही समाजाचेच काम आहे, असे आम्ही त्यांना नम्रपणे सांगितले. त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलो तेव्हा दिवस पाच-सहा तासांचा झाला होता. ६ तारखेला गावात रंगीबेरंगी पोशाखांतली माणसे दिसली. तो सामी लोकांचा राष्ट्रीय दिवस. सामी म्हणजे या उत्तर भागातले मूळचे रहिवासी. रेनडियर पाळणारे, मासे धरणारे. त्यांची भाषा शाळांतून दडपली गेली. १९०२ च्या कायद्याने फिनमार्क भागात सरकारी जमीन घ्यायची तर नॉर्वेजियन भाषा लिहिता-बोलता येण्याची अट होती. ६ फेब्रुवारी १९१७ रोजी एल्सा लाउला रेनबर्ग या सामी बाईंच्या पुढाकाराने ट्रॉन्हाइम येथे पहिली मोठी सभा भरली, तोच हा दिवस. १९८९ मध्ये त्यांचे स्वतःचे प्रतिनिधिगृह सुरू झाले. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी नॉर्वेच्या संसदेने त्यांची माफी मागितली. तिला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्यांचा इतिहास वेगळा, आपला वेगळा. पण आपली ओळख लपवून जगणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. जूनमध्ये गेलो असतो तर हा दिवस हुकला असता.

आणि दुसरा दिवस ७ फेब्रुवारी, माता रमाईंची जयंती! भाचीच्या खोलीत खिडकीशी बाबासाहेब आणि रमाईंचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील घेतले. खीर केली. भाचीची एक नॉर्वेजियन मैत्रीण आली होती. तिने विचारले, या कोण? भाची बराच वेळ सांगत राहिली. बाबासाहेब लंडनला शिकत असताना रमाईंनी मुंबईत घर कसे सांभाळले, पोटची लेकरे कशी गमावली. सांगताना तिचा आवाज भरून आला, पण डिसेंबरातला तो आखूडपणा त्यात नव्हता.

ध्रुवीय प्रकाश आम्हाला आठ रात्रींत एकदा दिसला, तोही दहा-बारा मिनिटे. बाकी सात रात्री ढगच होते. पण त्या सातही रात्री भाची लवकर झोपली, आणि सकाळी तिला आम्हालाच उठवावे लागले.

वाचकांपैकी कुणाला तिकडे जायचे असेल आणि देश बघायचा असेल, तर जरूर जूनमध्ये जावे. पण आपले माणूस तिथे एकटे असेल तर कागदावर रेघ मारत बसू नये. अंधारातच जावे. जाताना मेतकूट आणि लोणचे विसरू नये.