पुतण्याचें जागरण

उल्हासनगरच्या पांच नंबरच्या कॅम्पांत आमचें घर आहे. आमच्या गल्लीस रात्र अशी फारशी नसतेच. शेजारच्या गाळ्यांतील शिवणयंत्रें मध्यरात्रींहि खडखडत असतात. तीं थांबतात न थांबतात तोंच अंबरनाथ स्थानकाकडे निघालेल्या माणसांचीं पावलें वाजूं लागतात. अशा जागीं जागरण हा सद्गुणच होय, असें आम्हांस पुष्कळ वर्षें वाटत आलें. आणि त्या समजुतीची किंमत आम्हीं नव्हे, आमच्या पुतण्यानें मोजली.

थोरले बंधु नोकरीनिमित्त परगांवीं, म्हणून मुलाच्या बारावीच्या अभ्यासाची देखरेख आम्हीं आपणाकडे घेतली. रात्रीं दीड वाजतां चहा करून देणें, डुलकी लागली कीं हांक मारणें, हीं कामें आम्हीं मोठ्या निष्ठेनें केलीं. वहिनी म्हणत, "भावोजी, निजूं द्या हो त्याला थोडें." तें आईचें हळवेपण समजून आम्हीं कानाआड केलें. रसायनशास्त्राच्या आदल्या रात्रीं तर तो मुळींच निजला नाहीं. पहांटे विचारलेलें सारें त्यानें घडाघडा सांगितलें. प्रश्नपत्रिका हातीं पडली मात्र, तो सुन्न झाला. घरीं येऊन एवढेंच म्हणाला, "काका, सगळें डोक्यांत होतें, पण सांपडत नव्हतें."

हें वाक्य आम्हांस टोंचत राहिलें, आणि उशिरां कां होईना, आम्ही वाचूं लागलों.

मेंदूंतील पेशी एकमेकींस जेथें भेटतात त्या सांध्यांस सिनॅप्स म्हणतात. दिवसभर आपण जें पाहतों, शिकतों, त्यानें यांतील पुष्कळ सांधे बळकट होत जातात. परंतु बळकट सांध्यास जागा अधिक लागते आणि पोषणहि अधिक. सारेच फुगून बसले तर नवें कोठें लिहावयाचें? अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जूलिओ टोनोनी व कियारा चिरेल्ली यांनीं २००३ सालीं असा तर्क मांडला कीं, झोंपेंत हे सांधे एकंदरीनें थोडे सैल होतात व मेंदू दुसऱ्या दिवसास मोकळा होतो. २०१७ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेनें निजलेल्या व जाग्या उंदरांच्या मेंदूचे सूक्ष्म काप काढून जवळजवळ सात हजार सांधे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं मोजले. झोंपेनंतर सांध्यांचें स्पर्शक्षेत्र सरासरीनें १८ टक्के लहान आढळलें. मात्र सर्वांत मोठे जे शेंकडा वीस, त्यांस धक्का लागलेला नव्हता. आमची आजी दिवाळीपूर्वीं माळा आवरी तेव्हां रद्दी जाई, पितळेचीं भांडीं राहत, तसेंच हें.

हा तर्क सर्वांसच मान्य आहे असें नाहीं. २०१४ सालीं न्यूयॉर्कमधील संशोधकांस, फिरत्या दांडीवर चालावयास शिकून मग निजलेल्या उंदरांच्या मेंदूंत सांध्यांचे नवे अंकुर फुटलेले दिसले. जागे ठेवलेल्यांत ते कमी. म्हणजे झोंप कांहीं सैल करते, कांहीं नवें जोडते. उंदरांवरून पुतण्याचा निकाल लावणें धाडसाचें, हें आम्ही जाणतों. पण चहाचा पेला घेऊन आम्ही त्या रात्रीं नेमकें काय हिरावून घेत होतों, हा विचार आतां मनांतून जात नाहीं.

जुलैंत पुरवणी परीक्षा होती. आदल्या रात्रीं दहा वाजतां आम्हीं स्वतः दिवा मालवला व खिडक्या लावून घेतल्या. शिवणयंत्रें चालूच होतीं. तो पडल्याबरोबर निजला. वहिनींनीं आंतून विचारलें, "भावोजी, तुम्ही कां जागे?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.