सावली सरकली

हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरकडची वाट आमच्या वाडीवरून जाते. लहानपणी आमच्या लेखी ती गुरांची वाट, हिरडा गोळा करायची वाट, आणि महाशिवरात्रीला देवाला जायची वाट. त्या वाटेनं नुसतं चालायचे कुणी पैसे देईल असं सांगितलं असतं, तर आम्ही हसलो असतो.

१९८२ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका संस्थेचे दोन सर वाडीत आले. शहरातली आठवी-नववीची पोरं सुट्टीत गडावर न्यायची, चार दिवस राहायचं, आणि परत आणायची. त्यांना वाटाड्या पाहिजे होता. रोज १५ रुपये आणि पोटाला जेवण. मी दहावी पास होऊन घरीच होतो. रोजगार हमीच्या मातीकामापेक्षा हे बरं, म्हणून हो म्हणालो. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "चालायचं बी पैसं देत्यात? मग मपलं आजवर लई बुडालं."

पण आबांना राग आला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं राब भाजायचे दिवस. शेण, पालापाचोळा, कवळं भाताच्या रोपवाटिकेत पसरायची, वरून माती टाकायची आणि पाऊस यायच्या आत भाजून घ्यायचं. ते काम त्या साली आई आणि बहिणीवर पडलं. मी गळ्यात छागल अडकवून पोरांपुढं चालत होतो.

पहिल्या साली मी पोरं गुरासारखी हाकली. माझ्या पायाला जे अंतर एका बिडीचं, ते त्यांना तासाचं. तरी ती पोरं गोड होती. दिसेल त्या झाडाचं नाव विचारायची. कारवी सात वर्षांनी फुलते म्हटल्यावर एका मुलीनं बोटं मोजून सांगितलं, "म्हणजे मी तेव्हा कॉलेजात असेन." केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून मी त्यांना आमच्याकडं सांगतात ती गोष्ट सांगायचो. चार खांब म्हणजे चार युगं, तीन पडले, एक उरलाय, तो पडला की जग बुडणार. एक पोरगा लगेच बाहेर जाऊन उभा राहिला.

कोकणकड्यावर मात्र मी खेळ करू द्यायचो नाही. एका वेळी दोघांनी पोटावर झोपायचं, मी आणि सरांनी घोटे धरायचे, मग डोकं काढून खाली बघायचं. रुमाल खाली टाकला की वारा तो परत वर आणून देतो, त्याचं त्यांना फार नवल. मला घोट्यांचं काय ते कळायचं. भ्यालेल्या पोराचा घोटा हातात थरथरतो, तोंडानं ते काही म्हणो.

दुसऱ्या साली, १९८३ च्या मे महिन्यात, एका तुकडीची एसटी उशिरा आली. खरं तर दिवस उगवायच्या आत वाट धरायची, आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. टोलार खिंडीतल्या वाघाच्या शिळेपाशी पोहोचेपर्यंत निम्मी पोरं लाल झाली. खिंडीच्या वर उघडा कातळ. आता तिथं धरायला लोखंडी कठडे आहेत, तेव्हा हात कातळालाच लावायचा, आणि कातळ तव्यासारखा. बावीस पोरांत एक अंगानं भरलेला होता, तेरा वर्षांचा. बाकीचे त्याला चिडवत होते. कातळ चढून तो माथ्यावर आला आणि बसला तो उठेना.

सर पुढं गेले होते. माथ्यावर देवळापर्यंत लहान-लहान टेकाडं चढायची-उतरायची असतात आणि मधे गुरांच्या वाटा अशा फुटतात की नवखा माणूस हमखास चुकतो. पुढच्या पोरांना सोडता येईना, याला उचलता येईना. मी त्याला एका हिरड्याखाली बसवलं आणि म्हणालो, "हितंच बस. हलायचं न्हाय. मी यांना देवळाकडं लावून येतो."

सगळ्यांत मागचं पोरगं एकटं सोडायचं नसतं. गुरं वळणाऱ्या पोरालाही हे कळतं. मला कळत होतं.

मी परत यायला दीड तास लागला. हिरड्याखाली कुणी नव्हतं. हाका मारल्या. कारवीत हाक जात नाही. टेकाडावर चढून बघितलं, फक्त ऊन दिसत होतं. आबांचं तोंड डोळ्यापुढं आलं, मग त्या पोराच्या आईचं, जिला मी पाहिलंही नव्हतं. पोटात कळ आली. मग मी खाली बसून वाट बघायला लागलो, म्हणजे जमीन बघायला. खुरांनी उडालेल्या धुळीत एक कॅनव्हासच्या बुटाचा ठसा होता. पुढं आणखी एक. ती वाट कोरड्या ओहोळात उतरत होती. तिथं उंबराखाली तो पिशवी उशाला घेऊन झोपला होता. अंग तापलेलं, ओठ पांढरे, पाण्याची बाटली रिकामी.

घोट-घोट पाणी पाजलं, पंचा ओला करून डोक्यावर ठेवला. जरा बोलायला लागल्यावर विचारलं, "हिकडं कशाला आलास?" तर म्हणाला, "तिथली सावली सरकली, दादा. मग पुढच्या झाडाखाली गेलो. तिथलीही सरकली."

शेतकऱ्याच्या पोराला सावली सरकते हे शहरातल्या पोरानं सांगावं!

सरांनी प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी दिली होती, संकटातच वाजवायची असं बजावून. त्याच्याही गळ्यात होती. "शिट्टी का न्हाय वाजवली?" तो म्हणाला, "तुम्ही येतो म्हणाला होतात ना."

ऊन कलल्यावर हळूहळू निघालो. देवळापाशी पोहोचलो तर सर चिंतेत. मी म्हणालो, "पायात गोळा आला व्हता त्याच्या." पोरानं माझ्याकडं बघितलं. मग सरांना म्हणाला, "हो सर, गोळा आला होता."

त्या दिवसापासून मी मागं चालायला लागलो. सगळ्यांत हळू पोर पुढं, त्याच्या पावलावर बाकीची, आणि शेवटी मी. सरांना वाटलं हा शहाणा झाला. त्यांनी पुढच्या तीन उन्हाळ्यांत मलाच बोलावलं. खरं काय ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. तेही आता नाहीत.

त्या साली वीस दिवसांचे तीनशे रुपये पाकिटात मिळाले. आबांनी पावसाच्या आधी त्यांची मंगलोरी कौलं आणली. म्हणाले, "चालून कौलं आली." ती अजून पडवीवर आहेत. दोन-चार फुटली तेवढी बदलली.

आता धाकटा मुलगा हे काम करतो. पडवीत ट्रेकवाले पिठलं-भाकरी खातात आणि शनिवारच्या रात्री कपाळाला बॅटऱ्या लावून निघतात. तो मोबाईलवर वाट दाखवत सगळ्यांच्या पुढं. मी त्याला दर वेळी म्हणतो, मागं राहा. तो म्हणतो, "आबा, ती काय लहान पोरं हायेत का?" मग मी ओट्यावर बसून खिंडीकडं चढणाऱ्या बॅटऱ्या मोजतो. गेल्या शनिवारी एकोणीस निघाले होते. अठरा मोजले. तीनदा मोजले. मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, एकाची बॅटरी उतरलीय, तो मपल्याबरोबरच हाय. मी म्हणालो, "त्याला फोनवर दे."