टाकी तीच, मग धार बारीक का?

तर मंडळी, गेले दोन वीकेंड कोड नाही, चक्क नळ डीबग केले!

आईबाबांची पुण्यातली बिल्डिंग १९७८ सालची, चार मजली. आपलं घर सगळ्यात वर. १५ लिटरची बादली भरायला पाच मिनिटं. म्हणून दोघं पहाटे साडेचारला उठून पाणी भरायचे. तेव्हा खालची घरं झोपलेली, त्यामुळे धार जरा बरी. बाबा ७९ वर्षांचे, त्यात बाथरूममध्ये बादल्यांची रांग. पाय घसरला तर? आई म्हणे, "सवय झालीये रे."

सोसायटीचं एकच मत : पंप बसवा. म्हटलं, आधी मोजू तरी. टाकीतलं पाणी आमच्या नळापेक्षा जेमतेम तीन मीटर वर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे आमच्या वाट्याला ०.३. तीन मजले खाली त्याच टाकीतून १.२. वरच्या मजल्याची ही गरिबी जन्मजातच. पण माझ्या लहानपणी याच ०.३ वर धो धो पाणी यायचं की! टाकी काही खाली आलेली नाही...

मग एकेक शक्यता बाद केली. एकच नळ बारीक असता तर जाळीत कचरा. फक्त गरम पाणी कमी असतं तर गीझर. इथे सगळेच नळ रडत होते. मेन कॉक पूर्ण उघडा. उरला टाकीपासून येणारा जीआय पाइप. प्लंबरकाकांनी कापून दाखवला. पाऊण इंची पाइपात गंज एवढा, की करंगळी जाईना. आणि गंमत बघा, लांब पाइपाचा व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, साधारण सहावा हिस्सा उरतं.

एक इंची सीपीव्हीसी टाकला, उन्हातल्या भागाला रंग मारला. बादली आता सव्वा मिनिटात भरते आणि आईबाबा सहापर्यंत झोपतात.

पंपाने काय झालं असतं? गंज तसाच, वर जुन्या सांध्यांवर जास्त दाब, म्हणजे गळती. आणि महापालिकेच्या लाइनला थेट पंप तर नकोच. शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं, फुटक्या जागेतून घाणही आत येते.

असो. तुमच्याकडे एक नळ बारीक की सगळे? आधी एवढंच बघा, खर्चाचं नंतर.