चिमट्यावरची रेघ



आज स्वयंपाकघरातलं नाही, गॅलरीतलं सांगते. गेल्या महिन्यात धाकटा सायकलवरून पडला. खरचटण्यावर निभावलं. पण सायकलीच्या पुढच्या चिमट्यावर केसाएवढी रेघ उमटली होती. चिमटा कार्बनचा. "आई, नुसता रंग गेलाय," तो म्हणाला.

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतोच ना? मी नाणं घेतलं आणि चिमटा वरपासून खालपर्यंत वाजवला. सगळीकडे टणक आवाज, रेघेपाशी मात्र बद्द. नाण्याची परीक्षा काही शेवटचा शब्द नव्हे. पण लोखंड आधी वाकून सांगतं, कार्बन न सांगता तुटतो. शंका आली की बदलायचाच.

नवा चिमटा आणला, घरीच बसवायचा ठरलं. पुढचं चाक काढलं, ब्रेक सोडला, हँडल सैल करून बाजूला बांधलं. जुना चिमटा खाली उतरला. बेअरिंग कोणत्या क्रमाने, कोणत्या बाजूने बसली होती, याचे फोटो मी काढत गेले. खालच्या बेअरिंगची कडी जुन्यावरून काढून नव्यावर बसवली.

नव्या चिमट्याची वरची नळी लांब येते, मापाने कापावी लागते. कमी कापली तर पुन्हा कापता येते. जास्त कापली तर पैसे पाण्यात. ब्लाउजपीससारखंच, दोनदा मोजायचं.

तेवढ्यात तो म्हणाला, "जुना ऑनलाइन विकू या का? रेघेवर एक स्टिकर लावला की..."

"मग तो स्टिकर लावून तूच का नाही वापरत?"

तो गप्प झाला. मी म्हटलं, "करवतीचा सराव जुन्यावरच कर." त्याने मुकाट्याने त्याचे दोन तुकडे केले.

मग नवा. बारीक दातांचं पातं, खुणेवर चिकटपट्टी, दोघांच्या तोंडावर मास्क. कार्बनची धूळ छातीत जाऊ नये म्हणून पाणी शिंपडत कापलं. नंतर झाडू न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घेतलं. नळीच्या आत आधाराला फुगणारी खुंटी बसवली. आधी वरचं झाकण, चिमट्याचा हलका खेळ जाईल इतकंच आवळलं. मग हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून. तिथे लिहिलं होतं ५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंचने 'टक्' केलं की हात थांबवायचा. जोर लावणं सोपं, थांबणं अवघड!

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली. कुठे टकटक नाही, हँडलही मोकळं फिरतंय. मगच त्याला खाली फेरी मारू दिली. तो परत येईपर्यंत मी गॅलरीतच उभी होते.

रात्री हिशेबाची वही उघडली. नव्या चिमट्याचा खर्च लिहिला. खाली जुना चिमटा, विक्री: शून्य.

कितीतरी दिवसांनी शून्य लिहिताना बरं वाटलं.