क्योतोचा सातवा रस

क्योतो ही जपानची जुनी राजधानी. तिन्ही बाजूंना डोंगर, मधून वाहणारी कामो नदी. शहरात समुद्र कोठे दृष्टीस पडत नाही. तरीही या नगरीच्या पाकशाळेचा आधार आहे एक समुद्रवनस्पती. निशिकी बाजाराच्या अरुंद गल्लीत काळपट हिरव्या, चामड्यासारख्या कडक पट्ट्या विकावयास मांडलेल्या दिसतात. हाच कोंबू. उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या थंड समुद्रात तो वाढतो. पूर्वी गलबते तो त्सुरुगा बंदरात उतरवीत आणि तेथून तो क्योतोस येई.

नानझेन्-जी मठाच्या परिसरात 'युदोफू' हे साधे अन्न मिळते. कोंबूचा तुकडा घातलेल्या गरम पाण्यात तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीराच्या, वड्या! फिके दिसणारे ते पाणी जिभेवर मात्र रेंगाळते. मत्स्यमांस वर्ज्य असलेल्या भिक्षूंच्या अन्नाला रुची आणली ती या कोंबूने आणि सुकविलेल्या अळंब्यांनी. इतरत्र याच पाण्यात बहुधा सुक्या माशाचा कीस घालतात. शाकाहारी प्रवाशाने विचारूनच पेला ओठी लावावा.

या रुचीचे मर्म उलगडले ते क्योतोतच १८६४ साली जन्मलेल्या किकुनाए इकेदा यांनी. टोकियोत रसायनशास्त्राचे प्राध्यापक असताना १९०८ साली त्यांनी कोंबूतून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्याच्या रुचीस 'उमामी' हे नाव दिले. आपल्या षड्रसांत न बसणारा हा जणू सातवा रस! या आम्लाला सोडियमची जोड दिली की पाण्यात सहज विरघळणारे पांढरे स्फटिक मिळतात. १९०९ पासून ते 'आजिनोमोतो', म्हणजे 'चवीचे मूळ', या नावाने विकले जाऊ लागले. आज उसाच्या मळीवर वा पिष्टावर जीवाणू वाढवून ते तयार करतात.

१९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातील पत्रामुळे या पदार्थाविषयी भीती पसरली. पुढील काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या आहारातील प्रमाणाने अपाय होतो असे सिद्ध झाले नाही. उपाशीपोटी मोठी मात्रा घेतल्यास काहींना थोडा वेळ सौम्य त्रास झाल्याचे आढळले. पिकलेल्या टोमॅटोत आणि मातेच्या दुधातही ग्लुटामेट असतेच.

मग सावधगिरी बाळगावी ती कशाविषयी? चिमूटभर स्फटिकांविषयी नव्हे, तर त्यांच्या आधाराने रुचकर झालेल्या निःसत्त्व, अतिखारट पुडीबंद खाण्याविषयी. भिक्षूंनी हा रस साध्या अन्नाची गोडी वाढविण्यासाठी योजिला. अन्नाचे दैन्य झाकण्यासाठी नव्हे. विवेक करावयाचा तो येथेच.